घरून काम कुणाला, आणि सहा दहाची बस कुणाला?

"ताई, मी गोव्यात वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत एचआर बघते. 310 माणसं आहेत, त्यातली 70 ऑफिसात, बाकीची प्लांटवर तीन शिफ्टमध्ये. कोविडात ऑफिसवाले घरून काम करायला लागले, पुढं ते आठवड्याला दोन दिवसांवर येऊन थांबलं, पण कुठंच लिहिलेलं नाही, ज्याचा त्याचा मॅनेजर ठरवतो. आता एमडी म्हणतात बस झालं, सगळ्यांनी सहाही दिवस यायचं, आणि ते होईपर्यंत घरून बसणाऱ्यांच्या लॅपटॉपवर दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर टाक. हे कळल्यावर एका महिन्यात तिघांनी राजीनामे दिले. प्लांटवरचे तर सरळ म्हणतात, 'आमी कोविडांत दर दीस आयले, आमकां कितें मेळ्ळें?' म्हणजे आम्ही रोज आलो, आम्हाला काय मिळालं? एमडींना वाटतं मी स्टाफची बाजू घेते आणि स्टाफला वाटतं मी एमडींची माणूस. रात्री अकराला पण व्हॉट्सॲप वाजतं. मुलगा म्हणतो आई तू फोनशीच लग्न कर. काय करू? — वेर्ण्याला जाणारी, फोंड्याची एक एचआरवाली."

अगं, मुलगा हुशार आहे तुझा. त्याचं मी शेवटी बघते, आधी तुझ्या एमडींचं बघू.

तू मला ताई म्हटलंस म्हणून स्पष्ट सांगते, तुझ्या पत्रात तीन भांडणं एकात एक अडकलीत आणि तू ती एकाच मीटिंगमध्ये सोडवायला बघतेयस. आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं भांडण तू एका ओळीत उरकलंयस, ते प्लांटवाल्यांचं. माझं म्हणणं एवढंच आहे की सुरुवात तिथून कर. घरून काम किती दिवस, दोन की तीन की शून्य, हा 70 माणसांचा प्रश्न आहे. उरलेल्या 240 जणांना कोविडनंतर काय बदललं हा प्रश्न तुमच्या कंपनीत कुणी विचारलेलाच नाहीये असं मला पत्रावरून दिसतं, आणि जोपर्यंत त्याला उत्तर नाही तोपर्यंत ऑफिसवाल्यांसाठी तू कितीही छान पॉलिसी लिहिलीस तरी ती कॅन्टीनमध्ये शिव्या खाणार.

मी स्वतः कशी चुकले ते आधी सांगते म्हणजे तुला वाटायला नको की ही बाई वरून उपदेश करतेय. 31 वर्षं पर्सोनेलमध्ये काढली मी, आमच्या वेळी एचआर नव्हतं, दारावर 'पर्सोनेल' अशी पाटी असायची आणि माणसं आत येताना चप्पल बाहेर काढायची, खरंच. 22 मार्च 2020 ला जनता कर्फ्यू झाला, 25 पासून सगळं बंद, आणि आमच्या ऑफिसातले चाळीसेक जण एका रात्रीत घरी. वरून हुकूम आला की लोक काम करतात की झोपतात ते कळलं पाहिजे. मी काय केलं, ग्रुपवर टाकलं की रोज नऊ वाजता लॅपटॉपसमोर बसलेला सेल्फी पाठवा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही तेव्हा. आमचे एक अकाउंटंट होते, पन्नाशीचे, डिचोलीकडचे, अतिशय शांत माणूस. त्यांचे फोटो रोज यायचे आणि मागं नेहमी एक पत्रा आणि सायकलचं हँडल दिसायचं. आठ दिवसांनी मी सहज विचारलं की हे कुठं बसता तुम्ही, तर म्हणाले मॅडम घरात दोन खोल्या, आई आजारी, दोन्ही मुलींची ऑनलाइन शाळा, म्हणून मी सायकलच्या शेडमध्ये पाट टाकून बसतो, रेंजपण तिथंच येते. त्या माणसानं त्या शेडमध्ये बसून मार्चअखेरचे सगळे हिशोब पुरे केले होते आणि मी त्याच्याकडून नऊचा सेल्फी मागत होते. त्याच दिवशी बंद केलं ते. पण माफी मागायला मला दोन वर्षं लागली, माझ्या निरोपाच्या दिवशी मागितली.

तर तुझ्या स्क्रीनच्या फोटोवाल्या सॉफ्टवेअरचं उत्तर माझ्याकडून नाही असंच आहे. पण एमडींना हे खाजगीपणाच्या भाषेत सांगू नकोस, त्यांना ते लांबचं वाटेल. त्यांना विचार, सर, आपल्या फॉर्म्युलेशनवाल्यांच्या स्क्रीनवर दिवसभर काय असतं? बॅच रेकॉर्ड, क्लायंटची कागदपत्रं, पुढच्या वर्षीच्या प्रॉडक्टचं काम. त्याचे दर दहा मिनिटांनी फोटो निघून कुठल्यातरी तिसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसणार, चालेल? आणि मग तुझी स्वतःची स्क्रीन. पगाराची शीट, कुणाचं आजारपणाचं सर्टिफिकेट, पॉशची, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार असली तर ती, जी गुप्त ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिचा फोटो आयटीतल्या पोरानं बघितला तर जबाबदार कोण, तूच ना. हे दोन मुद्दे ऐकल्यावर बहुतेक एमडी सॉफ्टवेअरचं कोटेशन बाजूला ठेवतात. आणि नाहीच ठेवलं तर माऊस आपोआप हलवणारं यंत्र बाजारात मिळतं आणि ते तुमच्यातला सगळ्यात कामचुकार माणूस सगळ्यात आधी विकत घेणार, हेही सांग.

तुझे एमडी एकटे तसे नाहीत, त्यांच्यावर फार चिडू नकोस. मायक्रोसॉफ्टनं 2022 मध्ये बऱ्याच देशांत सर्व्हे केला होता, त्यात 87 टक्के कर्मचारी म्हणाले आम्ही व्यवस्थित काम करतो आणि 85 टक्के वरिष्ठ म्हणाले की हायब्रिडमुळं, म्हणजे थोडे दिवस घर थोडे दिवस ऑफिस या प्रकारामुळं, आम्हाला तसा भरवसा वाटत नाही. म्हणजे दोन्हीकडचे आपापल्या जागी ठाम. भरवसा न वाटणं हा आजार जगभर आहे, त्याला औषध म्हणून कुणी कॅमेरा देतं, कुणी हजेरी देतं. मोठमोठ्या आयटी कंपन्यांनीपण माणसं परत बोलावलीच की, टीसीएसनं 2023 मध्ये पाच दिवस या म्हटलं. त्यामुळं एमडी उद्या तुला तेच उदाहरण देणार हे धरून चाल.

तेव्हा तुझ्या खिशात एक गोष्ट असू दे. ट्रिप डॉट कॉम म्हणून चीनची मोठी ट्रॅव्हल कंपनी आहे. तिथं 2021-22 मध्ये निकोलस ब्लूम नावाच्या स्टॅनफर्डच्या अर्थशास्त्रज्ञानं आणि त्याच्या जोडीदारांनी प्रयोग केला, 1,612 लोकांवर. वाढदिवसाची तारीख सम की विषम एवढ्यावरून दोन गट पाडले, एका गटाला बुधवार-शुक्रवार घरून, दुसरा गट पाचही दिवस ऑफिसात. सहा महिन्यांनी बघितलं तर घरून काम मिळालेल्या गटात नोकरी सोडणारे एक तृतीयांशानं कमी झाले, आणि कामाचं मूल्यमापन नि प्रमोशन पुढची दोन वर्षं तपासली तर फरक नाही. 2024 मध्ये नेचर मासिकात छापून आलं ते. मला त्यातलं आवडलेलं काय सांगू, मॅनेजर लोकांना आधी विचारलं होतं तर ते म्हणाले काम अडीच टक्क्यांच्या वर घसरणार, आणि प्रयोग झाल्यावर तेच मॅनेजर म्हणाले एक टक्का वाढलं. आणि सोडून जाणं सगळ्यात जास्त कमी झालं ते कुणाचं, तर बायकांचं, मॅनेजर नसलेल्यांचं आणि लांबून येणाऱ्यांचं.

लांबून येणाऱ्यांचं! आता हे गोव्यात बसून वाच. तुमच्याकडं पेडण्याहून, साखळीहून, काणकोणाहून माणसं येत असतील. झुआरीवरचा नवा पूल झाला, 2022 च्या डिसेंबरात एक बाजू उघडली आणि पुढच्या वर्षी दुसरी, त्यामुळं पणजीकडून येणाऱ्यांचा कुठ्ठाळीच्या ट्रॅफिकचा छळ बराच कमी झाला. पण तुम्हा फोंडेकरांना बोरीचा पूल तोच, पावसात एक ट्रक बंद पडला की झालं. राजीनामे दिलेले ते तिघं कुठून यायचे ते बघितलंयस का? बघ आणि मला कळव. माझी पैज आहे त्यातले दोघं तरी तासाभरापेक्षा लांबचे निघतील.

पण ऐक, तो प्रयोग कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या शिकलेल्या लोकांवर झालेला आहे. तो घेऊन तू पॅकिंग लाइनवर गेलीस तर तुला हसतील, आणि बरोबरच हसतील.

आता प्लांटवर ये. औषध कंपन्या अत्यावश्यक सेवेत होत्या, लॉकडाऊनमध्ये पास दाखवून, नाक्यावर पोलिसांशी बोलून, तोंडाला फडकं बांधून ही माणसं कामावर येत होती. वास्कोत मांगोर हिलला कंटेन्मेंट झोन झाला त्या दिवसांत घरचे म्हणायचे जाऊ नको आणि कंपनी म्हणायची ये. त्यांनी गोळ्या पॅक केल्या, आणि त्याच वेळी ऑफिसातले लोक घरून काम करत होते. ते चूक नव्हतं, पण ते संपल्यावर बक्षीस म्हणून दोन दिवस घर मिळालं ते ऑफिसवाल्यांनाच. कामगाराला हे असं दिसतं. आणि तुझ्या पत्रातलं ते कोंकणी वाक्य तू ज्या ओळीत घातलंस ना, त्या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय तुला पुढं सरकता येणार नाही.

घर नाही देता येत त्यांना, मान्य, स्ट्रिप पॅकिंगचं मशीन कुणाच्या ओसरीवर नेऊन ठेवणार. पण वेळ देता येते. रोस्टर कधी लागतं तुमच्याकडं? बऱ्याच ठिकाणी शनिवारी संध्याकाळी बोर्डावर कागद चिकटतो आणि सोमवारी सेकंड शिफ्ट. त्या माणसानं मुलाला क्लासला कुणी सोडायचं, आईला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात कधी न्यायचं, काय बघून ठरवायचं? महिन्याचं रोस्टर आधीच्या महिन्याच्या 20 तारखेला लाव. दोघांनी आपसात शिफ्ट बदलली तर सुपरवायझरची फक्त सही, विनवण्या नाहीत. दोन तासांची रजा दे, अख्खा दिवस खर्ची न घालता बँकेत नि पंचायतीत जाता आलं पाहिजे. ऑफिसवाला घरून काम करताना मधेच जाऊन गॅस सिलेंडर घेऊन येतोच ना, कुणी विचारत नाही, तसंच हे.

आणि सुट्ट्या. आपल्याकडं गणपतीची चवथ सगळ्यांची एकच, पण जत्रा प्रत्येक गावाची वेगळी, चर्चचं फेस्त प्रत्येक वाड्याचं वेगळं, कंपनीच्या छापील यादीत ते कधीच बसत नाही. माझ्याकडं एक ऑपरेटर होता, लईराईचा धोंड, म्हणजे लईराई देवीचं व्रत करणारा भक्त. दर वर्षी वैशाखात त्याला ताप यायचा, नेमका शिरगावच्या जत्रेच्या दिवसांत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. सात-आठ वर्षं मी ती चिठ्ठी फायलीत लावली, त्यालाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. मग आम्ही दोन सुट्ट्या मोकळ्या सोडल्या, ज्याला जेव्हा हव्या तेव्हा, फक्त पंधरा दिवस आधी सांगायचं. पुढच्या वर्षी तो स्वतः फॉर्म घेऊन आला, कारणाच्या रकान्यात मोठ्या अक्षरात 'व्रत आणि जत्रा', आणि वर मला सांगून गेला की मॅडम अवंदा ताप नाही. कंपनीला त्याचा एक पैसा जास्त पडला नाही, सुट्ट्या तेवढ्याच होत्या. उलट ऐन वेळी लाइनवर माणूस कमी पडायचं थांबलं, जे प्रॉडक्शनवाल्यांना मोठमोठ्या सेमिनारांनी जमलं नव्हतं.

असलं काहीतरी प्लांटसाठी आधी जाहीर कर, मगच ऑफिसचा कागद काढ. उलटा क्रम लावलास तर फसशील.

ऑफिसच्या कागदाचं आता पटकन सांगते, ते त्या मानानं सोपं आहे. तोंडी सवलत हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण ती मॅनेजरच्या मर्जीवर चालते आणि मर्जी चेहरा बघून चालते. तेव्हा चेहऱ्यावरून नको, कामावरून ठरव. 70 माणसं म्हणजे फार तर पंधरा-वीस प्रकारची कामं असतील, प्रत्येकाची एक ओळ लिही की यात हात लावल्याशिवाय काय होत नाही. क्यूसीतली, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबमधली केमिस्ट मशीन घरी नेणार नाही, पण रिपोर्ट तपासायचा दिवस तिला घरून देता येतो का ते तिच्या हेडला विचार. डिस्पॅचवाला गेटवर लागतो, विषयच नाही. अकाउंट्सला महिनाअखेरीला ऑफिसात बसव, मधले दिवस सोड. तुझ्या पेरोलच्या मुलीला पगाराच्या आठवड्यात आणि 15 तारखेच्या आधी, पीएफ-ईएसआयचं भरायच्या वेळी, तुझ्या शेजारी बसू दे, एरवी काय बिघडतं. आणि एक दिवस असा ठेव की सगळे हजर, नाहीतर माणूस बोरीचा पूल ओलांडून येतो आणि रिकाम्या हॉलमध्ये बसून समोरच्याशी लॅपटॉपवरच बोलतो, त्याच्यासारखा संताप नाही.

एका बाबतीत मी एमडींच्या बाजूची आहे, तुला आवडणार नाही कदाचित. नवीन पोरांना पहिले सहा महिने पूर्ण वेळ ऑफिसात आण. 2020-21 मध्ये नोकरीला लागलेली मुलं मी बघितलीत, काम येतं त्यांना, पण अडलं तर कुणाला हाक मारायची ते माहीत नाही, कारण कुणाची हाक त्यांच्या कानावरच पडलेली नाही. एक मुलगी मला आठ महिन्यांनी पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटली आणि म्हणाली मॅडम तुम्ही इतक्या बुटक्या असाल असं वाटलं नव्हतं. हसलो आम्ही, पण त्या आठ महिन्यांत तिला दोन वेळा काम सोडावंसं वाटलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

कायद्याचं विचारलं नाहीस पण एमडी विचारणार, नियम दाखव म्हणून. घरून काम करायचा सरसकट हक्क आपल्याकडं कायद्यानं दिलेला नाही, उगाच तसं सांगू नकोस. प्रसूतीच्या 26 आठवड्यांच्या रजेनंतर, कामाचं स्वरूप तसं असेल तर, कंपनी आणि बाईनं मिळून ठरवून घरून काम करता येतं, ही तरतूद प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीत आली. त्याच दुरुस्तीत 50 आणि वर माणसं असतील तिथं पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊ द्यायचं असंही आहे. तुम्ही 310. पाळणाघर आहे ना? की गोडाऊनमागची एक खोली आहे जिची किल्ली सिक्युरिटीकडं असते? पॉश कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत घरसुद्धा येतं, त्यामुळं रात्री साडेदहाला 'फक्त दोन मिनिटं, कॅमेरा ऑन कर ना' म्हणणारा बॉस ऑफिसच्या बाहेर आहे म्हणून सुटत नाही, हे समितीला आणि बॉसना दोघांनाही सांगून ठेव.

आणि हे मात्र नीट वाच. कामगार या व्याख्येत बसणाऱ्या माणसांची, म्हणजे ऑफिसातले क्लार्क वगैरेसुद्धा, वर्षानुवर्षं रूढीनं चालत आलेली सवलत काढून घ्यायची झाली तर 21 दिवसांची नोटीस लागते, जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात ते होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. तुमचे दोन दिवस त्यात बसतात की नाही यावर वकील दोन्ही बाजूंनी तासभर बोलू शकतील. पण 'सोमवारपासून सगळे या' असा व्हॉट्सॲप टाकायच्या आधी कंपनीच्या वकिलाला एक फोन करा म्हणावं एमडींना. वकिलाचं नाव काढलं की घाई आपोआप कमी होते असा माझा अनुभव आहे.

पैशाची भाषा लागेल तीही तयार ठेव. ते तिघं गेले, त्यांच्या जागी माणूस आणायला कन्सल्टंटला किती देता? सहसा वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एकेका माणसामागं एक महिन्याचा पगार गेलाच. वर जाहिरात, मुलाखतींत गेलेले हेड लोकांचे तास, नवीन माणूस शिकेपर्यंतचे तीन महिने. हे आकडे तुझ्याच फायलीत आहेत, एका पानावर मांड, आणि खाली लिही की तीन महिने प्रयोग करू, सर, त्यानंतर राजीनामे, उशिरा झालेले रिपोर्ट आणि रजा हे तीन आकडे बघून तुम्ही ठरवा. कायमचं कबूल करायला एमडी लोक घाबरतात, प्रयोगाला नाही म्हणत नाहीत. आणि हो, गेलेल्या तिघांना महिन्याभरानं फोन कर. शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या फॉर्मवर सगळे 'बेटर प्रॉस्पेक्ट्स' लिहितात, खरं कारण हिशोबाचे पैसे हातात पडल्यावर बाहेर येतं.

अजून एक, विषयाच्या थोडं बाहेरचं पण माझ्या मनातून जात नाही म्हणून. कोविडनंतर एचआरनं काय बदलायला हवं म्हणून लोक वेलनेस वेबिनार घेतात, शुक्रवारी योगा घेतात, घेऊ देत बापडे. मी मे 2021 मध्ये, त्या दुसऱ्या लाटेत, एका बाईसमोर पीएफचा कागद घेऊन बसले होते. नवरा गेलेला, वय 38, आणि त्याच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून त्याचे वडील, तेही चार वर्षांपूर्वी वारलेले. लग्नाआधी भरलेला फॉर्म होता. लग्न झालं की पीएफचं जुनं नॉमिनेशन रद्द होतं आणि नवीन भरावं लागतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे मी सांगितलं नव्हतं. पैसे मिळाले तिला शेवटी, विम्याचेसुद्धा, पीएफबरोबर जो ईडीएलआयचा विमा असतो ना त्याचे जास्तीत जास्त 7 लाखांपर्यंत मिळतात, पण वारसाची कागदपत्रं गोळा करत ती बाई महिनोन्महिने फिरली, धाकट्याला कडेवर घेऊन. तुझ्या 310 माणसांची नॉमिनेशनं उघडून बघ. कॅन्टीनशेजारी टेबल टाक, एक कॉम्प्युटर ठेव, शिफ्ट सुटताना दहा-दहा जणांचं ऑनलाइन भरून घे. एमडींची परवानगी लागत नाही, बजेट लागत नाही, आणि ज्या कामगाराला वाटतं की तू एमडींची माणूस आहेस तो तुझ्या शेजारी पाच मिनिटं बसून बायकोची जन्मतारीख आठवत असतो, त्यातच तो बाकीचंही बोलून जातो. माझं निम्मं पर्सोनेल मी अशाच टेबलांवर शिकले.

आता तू. तिघांचे राजीनामे, 310 जणांची गाऱ्हाणी आणि एमडींचा राग, हे सगळं एका बाईच्या फोनमध्ये. एचआरवाल्यांना रडायला कोपरा नसतो, कारण जो कोपरा असतो तिथं दुसरं कुणीतरी रडत असतं. फारच जड झालं तर 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, सरकारी आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही, मी स्वतः नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका समुपदेशक बाईंकडं जात होते आणि घरी सांगायचे म्हापशाच्या बाजारात गेलेय म्हणून. परत येताना खरंच मिरच्या आणायचे, पकडलं जाऊ नये म्हणून.

आणि कामाच्या ग्रुपचं तूच नियमात घाल, संध्याकाळी सातनंतर मेसेज आला तर उत्तर सकाळी, ब्रेकडाउन किंवा अपघात असेल तर फोन करायचा, टाइप नाही करायचं. पहिल्या आठवड्यात तूच मोडशील, मी सांगते, कारण सवय आपल्यालाही असते आणि आपल्यावाचून अडतंय असं वाटणं बरंही वाटतं थोडं. माझ्या भाचीनं चवथीला सुट्टी घेऊनसुद्धा मीटिंग केली होती, कॅमेऱ्यात तिच्या डोक्यावर माटोळीची, म्हणजे गणपतीवर बांधतात त्या फळांच्या मांडवीची, तवशी नि नारळ लोंबतायत आणि ही तिमाहीचे आकडे वाचतेय, आत भटजी आरतीला थांबलेत. तिला कुणी बोलावलंही नव्हतं त्या मीटिंगला, आपणहून घुसली होती.

तर असं कर. एमडींची मीटिंग पुढच्या गुरुवारी माग. त्याआधी सोमवारपासून तू तुझी स्कूटर घरी ठेव आणि फोंड्याहून पहिल्या शिफ्टची जी काही कंपनीची बस निघते, आमच्या वेळी सहा दहाला निघायची, तिनं जा. वही काढू नकोस, प्रश्न विचारू नकोस, फक्त बस. पहिल्या दिवशी कुणी बोलणार नाही, मॅडम कशाला आल्या म्हणून एकमेकांकडं बघतील, बुधवारपर्यंत कुणीतरी पदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा गरम उंडा अर्धा करून तुझ्या हातात देईल आणि रोस्टरचं काय ते सांगेल. त्या बसमध्ये जे कळेल ते गुरुवारच्या कागदावर सगळ्यात वर लिही, ऑफिसचे दोन दिवस त्याच्याखाली.

आणि रात्री नऊला फोन फ्रीजवर ठेव. मुलाला सांग, ताईनं सांगितलंय, लग्न मोडलं म्हणून.